तीन सुतांचा संप

कालपासून आमच्या हॉलमध्ये ओल्या भुश्श्याचा वास येतोय. याला जबाबदार तळमजल्यावरचे काका आहेत. निदान निम्मे तरी.

माझा दोन फुटी फिशटँक, त्याखाली छोटं कपाट. टाकीच्या काठाला लटकणारा फिल्टर डोळ्यांत खुपायचा, म्हणून कपाटात संप करायचं ठरवलं. संप म्हणजे खालची दुसरी काचेची पेटी. वरचं पाणी पाइपातून तिच्यात उतरतं, स्पंजातून गाळलं जातं, मग भांडी घासायच्या प्लास्टिकच्या घासण्यांच्या ढिगातून झिरपतं. त्या घासण्यांवर जीवाणू वस्ती करतात आणि माशांच्या घाणीतला अमोनिया पचवतात. (घासण्या नव्या आणल्या होत्या, हे आईला तीनदा सांगून झालंय.) शेवटच्या कप्प्यातला पंप पाणी परत वर चढवतो. ५ एमएम काचेच्या पट्ट्या कापून आणल्या, सिलिकॉनने चिकटवल्या, घरभर व्हिनेगरसारखा वास सुटला, दोन दिवस वाळवलं. एक थेंब गळला नाही.

मग पेटी कपाटात सरकवायला गेलो. पेटी १६ इंच लांब. कपाट आतून २२ इंच. दाराची चौकट १५ इंच ५ सूत (आठ सुतांचा एक इंच). मी माप आतलं घेतलं होतं. दारातूनच आत जायचं असतं, हे तेव्हा सुचलं नाही.

वास जावा म्हणून घराचं दार उघडं टाकलेलं, त्यात काका उगवले.

"काय चाललंय रे?"

"संप करतोय, काका."

इथे मी चुकलो. काका परळच्या कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. संप म्हटल्यावर त्यांनी चपला काढल्या आणि खुर्ची ओढून बसले.

"कसला संप?"

"फिशटँकचा."

"माशांचा?"

"अहो, खालच्या टाकीला संप म्हणतात. इंग्रजी शब्द आहे."

"संप इंग्रजी?" काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "१८ जानेवारी १९८२. अडीच लाख माणूस बाहेर. आणि तो संप अजून रीतसर मागे घेतलेला नाही, माहितीय? म्हणजे मी आजही संपावर आहे."

"पण नंतर तुम्ही वीस वर्षं वॉचमन होतात ना?"

"ती नोकरी. गिरणीच्या हिशेबात मी संपावर."

यावर काय बोलणार? मी करवत काढली. चौकटीची एक बाजू कापली की तीन सुतांचा प्रश्न मिटणार होता. काका मोबाइलची बॅटरी धरून उभे राहिले आणि सांगत राहिले. बायकोचे दागिने कसे गेले. मुलाला गावी कसं धाडलं. गेटवरची सभा, पाऊस, भिजलेले झेंडे. मी मान डोलवत कापत होतो, आणि खरं सांगतो, दोन-तीनदा करवत थांबली. अर्ध्या तासाने चौकट सुटली, हॉलभर भुस्सा झाला, पेटी सरकन आत गेली. घामाघूम होऊन मी मागे टेकलो.

काका म्हणाले, "उभी करून घातली असतीस तर?"

"म्हणजे?"

"उंची १२ इंचच आहे ना? उभी आत घ्यायची, आत गेली की आडवी करायची. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही लोखंडी कपाट असंच नेलंय, वळणाच्या जिन्यावरून."

मी चौकटीचा तुकडा जागेवर धरून करून पाहिलं. गेली.

"मग आधी का नाही बोललात?"

"संप तुझा. बाहेरच्याने मध्ये पडू नये. आमच्यात मध्ये पडलेल्यांनीच वाट लावली."

रात्री लाइट गेली. पाणी वर नेणाऱ्या पाइपाचं तोंड टाकीत दोन इंच बुडालेलं होतं. पंप थांबला की तोच पाइप उलटं पाणी ओढू लागतो. दोन बाय एक फुटाच्या टाकीचे दोन इंच म्हणजे साधारण साडेनऊ लिटर. खालच्या पेटीत मोकळी जागा पाच लिटरची. उरलेलं हॉलमध्ये. पाइपाला पाण्याच्या पातळीलगत बारीक भोक पाडलं असतं, तर हवा शिरून ओढ तुटली असती. हे मला फडकं पिळताना आठवलं.

आणि ते कपाट! फिशटँकसाठी म्हणून विकलेलं, आणि पाणी लागताच पुरीसारखं फुगलं. लाकडाचा भुस्सा दाबून वर सागवानाचा कागद चिकटवायचा आणि त्यावर पाण्याची टाकी ठेवा म्हणायचं. छत्री पुठ्ठ्याची करायची आणि पावसाळी म्हणून विकायची, त्यातला प्रकार. दुकानदाराला फोन केला, तर म्हणाला, "ओल लागू द्यायची नाही ना साहेब." अरे, मग आत काय वाळू ठेवू?

सकाळी टाकी उतरवली. जिन्याखाली काकांचा निळा ड्रम आहे. डासांसाठी त्यांनी त्यात महापालिकेच्या माणसाकडून गप्पी मासे आणून सोडलेत. ना पंप, ना घासणी. काका वाकून पाहत होते.

"पिल्लं झालीत बघ," ते म्हणाले. "तुझे कसे आहेत?"

माझे बादलीत होते.