एस्टोनियाचा बास्केटबॉल विजेता आजही वेगळाच ठरतो

'लाटव्हियासोबत संयुक्त लीग सुरू झाल्यापासून एस्टोनियाची स्वतःची बास्केटबॉल स्पर्धा बंद पडली', असा दावा क्रीडाप्रेमींच्या ग्रुपवर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

संयुक्त लीग २०१८ साली सुरू झाली, एवढंच त्यात खरं. दोन्ही देशांचे क्लब त्यात एकमेकांशी खेळतात आणि तिचा विजेता ठरतो. पण एस्टोनियाचं राष्ट्रीय विजेतेपद त्यानंतर फक्त एस्टोनियन संघांच्या प्लेऑफमधूनच ठरतं. पहिल्याच हंगामाचं बघा ना: संयुक्त लीग लाटव्हियातल्या रीगाच्या व्हीईएफ क्लबने जिंकली, तर एस्टोनियाचा विजेता ठरला तालिनचा कालेव्ह क्लब. २०२२-२३ मध्ये तर संयुक्त लीग युक्रेनच्या प्रोमेतेने मारली. युद्धामुळे हा क्लब घरापासून दूर, या लीगमध्ये खेळत होता. युक्रेनचा क्लब एस्टोनियाचा विजेता कसा होणार? म्हणूनच २०२२ साली पार्नूसारख्या समुद्रकाठच्या छोट्या शहराच्या क्लबने पहिल्यांदा राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं, त्याचं मोल कमी लेखू नये.

त्याच संदेशात आजच्या कालेव्हला '१९९१ चा सोव्हिएत विजेता क्लब' म्हटलं आहे. तेही अर्धसत्य. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमधला सुवर्णविजेता टीट सोक्क ज्यात खेळला, तो १९९१ चा विजेता जुना क्लब नव्वदच्या दशकातच बंद झाला. आजचा क्लब १९९८ साली नव्याने उभा राहिला. नाव मात्र तेच घेतलं.