पुढचं चाक

आमच्या सोसायटीच्या गेटवरच्या वहीत गेल्या एप्रिलच्या एका पानावर वॉचमनच्या अक्षरात नोंद आहे : ‘३०४ काका, टॉय’. वय सत्तावन्न, साखर काठावर, चष्म्याचा नंबर वाढता आणि नावापुढे टॉय.

“क्या है काका इसमें?” त्यानं खोका हलवून विचारलं होतं. आत काहीतरी खुळखुळलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

“विमान है.”

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग वर बघितलं. आम्ही राहतो घाटकोपरला. डोक्यावरून दर दोन-तीन मिनिटांनी एक विमान उतरत असतं, पोटाखालची चाकं मोजता येतील इतकं खाली. इथल्या माणसानं पैसे मोजून आणखी एक विमान मागवावं हे त्याला झेपलं नाही. घरातही झेपलं नसतं, म्हणून किंमत सांगताना मी एक शून्य गाळलं. शून्याला स्वतःची किंमत नसते हे शाळेत शिकलो होतो, ते पन्नास वर्षांनी कामाला आलं.

खोक्यात होतं एअरफिक्स या इंग्रज कंपनीचं नॅट. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून करायचं विमान. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनीच लहान असावं, पण माझ्यासारखं उघडून, वापरून, ढिलं झालेलं नाही. अगदी कोरं.

नॅटच का, याचं उत्तर बाबांकडे होतं. १९७१ च्या डिसेंबरात मुंबईत ब्लॅकआउट होता. गिरगावातल्या आमच्या चाळीत काचांना काळे कागद चिकटवलेले, आणि मी तीन वर्षांचा. मला आठवत काहीच नाही, पण बाबांनी ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली की आता मला सगळं आठवतं. १४ डिसेंबरला श्रीनगरवर पाकिस्तानी सेबर विमानं चालून आली, तेव्हा निर्मलजितसिंग सेखों नॅट घेऊन वर गेले आणि एकटेच झुंजले. परत आले नाहीत. परमवीर चक्र मिळालेले हवाई दलातले ते आजवरचे एकमेव. नॅट म्हणजे इंग्रजीत चिलट. सहा वर्षांआधीच्या युद्धातही याच चिलटानं सेबरना इतकं बेजार केलं होतं की त्याचं नावच ‘सेबर स्लेयर’ पडलं. पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सात मीटरसुद्धा नाही. आमच्या चाळीची गॅलरी त्याहून लांब होती. म्हणजे मनात आणलं असतं तर एक नॅट तिथे लावता आलं असतं, फक्त नळाजवळच्या बिऱ्हाडानं बादल्या हलवायला हव्या होत्या.

मामा बोटीवर इंजिनीअर होता. १९७८ साली तो लंडनहून माझ्यासाठी नॅट घेऊन आला. खोक्यावरचं विमान लालभडक. इंग्रजांचं रेड ॲरोज नावाचं कसरतींचं पथक तेव्हा हीच विमानं उडवायचं. आणि आत माणसं दोन.

“मामा, सेखों एकटे होते.”

“मग एक सीट रिकामी ठेव. लोकलमध्ये मिळते का अशी रिकामी सीट?”

एअरफिक्सनं केलेलं नॅट हे शिकाऊ वैमानिकांचं, दोन आसनी. आपलं लढाऊ नॅट एका आसनाचं. हा फरक मला दहाव्या वर्षी टोचला तो आजतागायत. मागच्या आसनावर मी सतत कुणाला तरी बसवत आलोय. कधी बाबा, कधी शाळेतले ड्रिलचे सर, आणि सर बसले की विमान नेहमी शत्रूच्या हद्दीत पडायचं.

हे सगळं एकास बहात्तर या मापात. म्हणजे सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा. माझी उंची साडेपाच फूट, म्हणजे मी एक इंचसुद्धा भरत नाही. घरातल्यांचा माझ्याविषयीचा अंदाज इथे आकड्यांनी सिद्ध होतो.

त्या विमानाबरोबर एक ट्यूब होती. ही चिकटवण्याची भानगड लोकांना कळत नाही. फेव्हिकॉलनं लाकूड चिकटतं, हे प्लॅस्टिक नाही. त्याचा सिमेंट वेगळा असतो, तो दोन्ही कडा चक्क विरघळवतो आणि त्या एकमेकींत मुरतात. या प्लॅस्टिकचं नाव पॉलिस्टिरीन. आता थर्माकोल म्हणजे दुसरं काही नसून हवा भरून फुगवलेलं पॉलिस्टिरीनच, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. आणि दिवस होते गणपतीच्या आधीचे. काकानं आठवडाभर खपून थर्माकोलचं मखर केलेलं, बारीक नक्षी, मागे प्रभावळ. जागा एकच खोली. मी प्रभावळीच्या मागे लपून पंख चिकटवत होतो. ट्यूबचं झाकण उघडंच राहिलं आणि मी जेवायला गेलो.

परत आलो तर उजव्या बाजूच्या खांबाला भोक. वाकून बघतोय तोवर ते मोठं झालं. जाळ नाही, धूर नाही, आवाज नाही, खांब आपला स्वतःशीच कमी होत चाललेला. काका आला, त्यानं बघितलं, आणि त्याचा हात माझ्या कानाच्या दिशेनं निघाला. पण आजी मध्ये पडली. चष्मा लावून तिनं भोक नीट पाहिलं आणि हात जोडले. म्हणाली, “उंदीरमामा आधीच येऊन गेले रे. कुरतडलंय बघ कसं.” पुढचे दहा दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला ते भोक दाखवलं जात होतं. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा लोकांना पर्यावरण आठवलं, मला काकाचा अर्ध्यात थांबलेला हात आठवला.

रंग नव्हते. पोस्टर कलर त्या प्लॅस्टिकवर अळूच्या पानावरच्या पाण्यासारखे गोळा व्हायचे. म्हणून आत्याचं नेलपॉलिश लावलं. त्यानं प्लॅस्टिक असं खाल्लं की विमानाला देवी येऊन गेल्यासारखं झालं. आणि शेवटी मोठ्या अभिमानानं तीन चाकांवर उभं केलं, तर ते नाक वर करून शेपटीवर बसलं. पुन्हा उभं केलं, पुन्हा बसलं. आजी म्हणाली, “दमलं असेल बापडं, लंडनहून आलंय.”

तर ते उभं करायचं राहिलं होतं.

मध्ये पंचेचाळीस वर्षं गेली, त्यांत सांगण्यासारखं फार नाही. नोकरी, लोकल, कर्ज, मुलगी. मग मुलगी बंगळुरूला गेली, तिचं टेबल रिकामं झालं, आणि रात्री मोबाइलवर मी जुनी खोकी बघायला लागलो. त्यातून ठाण्याचा एक मित्र भेटला. त्याच्याकडे कपाटभर खोकी आहेत, सगळी सीलबंद. तो ती उघडत नाही. रविवारी एकेक काढतो, कानाशी नेऊन हळूच हलवतो आणि परत ठेवतो. रॉय क्रॉस नावाच्या चित्रकारानं १९६४ पासून दहाएक वर्षं एअरफिक्सच्या खोक्यांवर जी चित्रं काढली, ती तो मला असा दाखवतो, जशी आई लग्नातली पैठणी दाखवायची. घडी न मोडता. त्याच्याकडून मला बरंच ज्ञान मिळालं. एअरफिक्स ही मुळात हवेची रबरी खेळणी आणि मग केस विंचरायच्या फण्या काढणारी कंपनी. किंवा फ्रॉग नावाची दुसरी इंग्रज कंपनी बुडाली तेव्हा तिचे साचे सोव्हिएत रशियात गेले, पण जर्मन आणि जपानी विमानांचे साचे काही रशियात गेले नाहीत, ते रेव्हेल नावाच्या तिसऱ्या कंपनीकडे गेले. तीस वर्षं होऊन गेली तरी शत्रू तो शत्रूच, साच्यातसुद्धा.

मी माझं खोकं उघडलं हे त्याला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, “वहिनींना माहितेय?” जसं काही मी दागिने गहाण टाकले होते.

उघडून बघतो तर आकड्यांची आणि चक्रांची जी चिकटचित्रं पाण्यात भिजवून लावायची असतात, ती पार पिवळी. इतक्या वर्षांत माझे दात पिवळे झाले, त्यांना कोण नावं ठेवणार. त्यावर उपाय असा की तो कागद खिडकीच्या काचेला आतून चिकटवायचा आणि ऊन खाऊ द्यायचं, पिवळेपणा उतरतो. मे महिन्यात घाटकोपरला उन्हाची ददात नाही. पण ब्रिटिश हवाई दलाची लाल-पांढरी-निळी चक्रं तीन आठवडे खिडकीत लटकल्यावर समोरच्या विंगमधल्या काकूंनी हिला जिन्यात गाठलं. “नजरेसाठी आहे का हो? आम्हाला पण सांगा ना कुठून आणलंत.” तीन आठवड्यांनी ती पांढरीशुभ्र झाली. मग मी ती कोमट पाण्यात सोडली आणि भाजलेला पापड मुठीत धरावा तसा त्यांचा चुरा झाला. जुनी चित्रं आधी वॉर्निश मारून मगच भिजवायची असतात. हे मित्रानं मला नंतर सांगितलं, आणि सांगताना त्याच्या आवाजात समाधान होतं. मी तरी म्हटलं, बरं झालं. केशरी, पांढरं आणि मध्ये हिरवं, आपल्या हवाई दलाचं चक्र हातानं रंगवू.

इथे पंख्याचा प्रश्न आला. मे महिन्यात मुंबईत पंखा बंद करणं हा घरगुती हिंसाचार आहे. पण पंखा लावला की बारीक भाग उडतात, ओल्या रंगावर कापसाचे तंतू येऊन बसतात, आणि कपाटावरची धूळ जणू आमंत्रण असल्यासारखी उतरते. पंखा बंद केला की माझ्या कपाळावरचा थेंब नेमका पंखावर पडतो. थिनरच्या वासाबद्दल मी बोलणार नाही. एका संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर ‘कुणाकडे तरी गॅस गळतोय’ असा मेसेज आला आणि अख्ख्या विंगचा पाइप गॅस चहाच्या वेळेला दोन तास बंद ठेवला गेला, तेव्हाही मी बोललो नव्हतो. उलट सगळ्यांबरोबर जिन्यात उभं राहून वास घेत होतो.

शेपटीवर बसण्याचं कारणही आता कळलं होतं. तीन चाकी विमानाचं वजन मागे जातं, म्हणून चिकटवण्याआधी नाकात काहीतरी जड भरायचं. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात गेलो आणि जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या मागितल्या. मावशीनं विचारलं, किती किलो? मी म्हटलं, तीन गोळ्या. तिनं पैसे घेतले नाहीत. वर एक बोंबिलाची जुडी दिली, माझ्या चेहऱ्याकडे बघून.

आता फक्त पुढचं चाक राहिलं होतं. टायरला काळा रंग दिला आणि धूळ बसू नये म्हणून ते वाटीत घालून, वर दुसरी वाटी पालथी घालून, ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलं. स्वयंपाकघरात पंखा नाही, हा माझा हिशेब. त्या दिवशी सासरे जेवायला येणार होते आणि हिनं मसालेभात करायला घेतला होता, हे माझ्या हिशेबात नव्हतं. लवंग, दालचिनी, मिरी तिनंही वाटीतच काढून ठेवली होती.

सासरे शहाऐंशीचे. रेल्वेतून निवृत्त, नवी कवळी. तिसऱ्या घासाला थांबले. जिभेनं काहीतरी पुढे आणलं, दोन बोटांनी काढलं आणि ताटाच्या कडेला कढीपत्त्याशेजारी ठेवलं.

“मिरी जुनी दिसते गं. फुटतच नाही.”

मी वाकून बघितलं. एका बाजूला रंग निघून प्लॅस्टिक दिसत होतं. कुकरच्या वाफेनं ते मऊ होऊन लांबट झालं होतं, मात्र मधलं आसाचं भोक शाबूत होतं. मी ताट ओढून घेतलं. पुढचा तपशील थोडक्यात सांगतो. भात गेला, डोसे मागवले, आणि खरी किंमतही त्याच संध्याकाळी बाहेर पडली, शून्यासकट. सासऱ्यांना काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी ही त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली, तेव्हा ते डॉक्टरांना म्हणाले, “जावयानं विमान घातलं जेवायला.”

सुटं चाक कुठे मिळत नाही. नवं खोकं मागवावं तर त्यातलं चाक निघेल, पण ते उघडल्याचं ठाण्याला कळवावं लागेल. आठ दिवस विमान दोन चाकांवर आणि एका खोडरबरावर उभं होतं. मग एका रात्री सगळे झोपल्यावर मी उठलो, मिसळणाचा डबा उघडला, आणि चिमट्यानं एकेक मिरी उचलून मापाला लावत बसलो. सतराव्या दाण्याला जमलं. सुईनं भोक पाडलं, आस घातला. रंगसुद्धा द्यावा लागला नाही. सुरकुत्या अशा की धावपट्टीवर झिजलेल्या टायरच्या.

गेल्या रविवारी सासरे आले. काचेच्या कपाटापुढे उभे राहिले, चष्मा वर केला, डोळे बारीक केले. नॅट तीन चाकांवर उभं होतं, नाक सरळ, मागची सीट रिकामी.

“बाकीचं ठीकठाक आहे,” ते म्हणाले, “पण पुढचं चाक मात्र हुबेहूब साधलंय हं.”

ही स्वयंपाकघरातून बघत होती. मी मान खाली घातली आणि त्यांना खुर्ची दिली.