फायबरग्लासचं सीलिंग म्हणजे ‘नवं ॲस्बेस्टॉस’? फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

पालकांच्या आणि सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘आवाज घुमू नये म्हणून शाळा, ऑफिस, हॉलमध्ये फायबरग्लासच्या टाइल्सचं फॉल्स सीलिंग करतात. या टाइल्स म्हणजे नवं ॲस्बेस्टॉस आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ग्लासवूलला कॅन्सरकारक ठरवलंय. एसीच्या वाऱ्याने काचेची पूड रोज मुलांच्या अंगावर पडते. आग लागली की सीलिंग पेटून विषारी धूर होतो. पावसाळ्यात बुरशी धरते. एवढं करून वरच्या मजल्याचा आवाज येतोच. त्यापेक्षा फोम किंवा अंड्यांचे ट्रे लावा, दहा टक्के खर्चात तेच काम होतं. जनहितार्थ पुढे पाठवा.’

इमारतीच्या आतला आवाज आटोक्यात आणणं हे माझं रोजचं काम. हा मेसेज वाचून एका शाळेच्या समितीने मंजूर झालेलं सीलिंग थांबवलं आणि फोमचं कोटेशन मागवलं, हे कळल्यावर मला गप्प बसवेना. एकेक दावा घेतो. ज्यात तथ्य आहे तिथे तेही सांगतो.

‘हे नवं ॲस्बेस्टॉस आहे’

दोन्ही तंतुमय आहेत, साम्य एवढंच. ॲस्बेस्टॉस हे खनिज आहे आणि त्याचा तंतू उभा चिरत जातो. एका तंतूचे अनेक, त्या प्रत्येकाचे आणखी बारीक, असं होत होत ते फुप्फुसाच्या अगदी टोकापर्यंत पोचतात आणि तिथे रुतून बसतात. शरीराला ते विरघळवता येत नाहीत. म्हणूनच मेसोथेलिओमासारखा (फुप्फुसाभोवतालच्या आवरणाचा) कॅन्सर तीस-चाळीस वर्षांनीही उद्भवतो. काचेचा तंतू आडवा तुटतो. तुकडे आखूड होतात, पण जाडी तीच राहते. शिवाय इन्सुलेशनसाठी, म्हणजे उष्णता किंवा आवाज आटोक्यात ठेवायला वापरतात त्या ग्लासवूलचे (काचतंतूंच्या लोकरीचे; या टाइल्स त्याच्याच) तंतू फुप्फुसातल्या द्रवात हळूहळू विरघळतात आणि उरलेले आखूड तुकडे शरीर बाहेर टाकतं.

ग्लासवूलमध्ये श्वासातून आत जाण्याइतके, म्हणजे ३ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक तंतूही थोडेफार असतात, हे खरं. ती काळजी टाइल कापणाऱ्याने घ्यायची असते. खाली बाकावर बसलेल्या मुलाचा प्रश्न वेगळा आहे. त्याकडे पुढे येतोच.

आणि ॲस्बेस्टॉसची खरोखर धास्ती असेल, तर शाळेच्या सायकल स्टँडवरचे, शेडवरचे, जुन्या वर्गांवरचे सिमेंटचे पत्रे आधी बघा. आपल्याकडे ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्यांवर आजही बंदी नाही. त्यांना ड्रिलने भोक पाडताना, फुटका पत्रा झाडूने लोटताना खरं ॲस्बेस्टॉस हवेत उडतं. त्याबद्दल मात्र कुणी मेसेज पाठवत नाही, आणि मला याचाच सगळ्यात जास्त त्रास होतो.

‘जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरकारक ठरवलंय’

या दाव्याचं मूळ खरं आहे, पण ते जुनं झालंय. संघटनेची कॅन्सरवर संशोधन करणारी संस्था आयएआरसी हिने १९८८ साली ग्लासवूलला ‘२-ब’ गटात टाकलं होतं, म्हणजे माणसात कॅन्सर होण्याची शक्यता असलेला पदार्थ. त्यात प्राण्यांवरच्या प्रयोगांचा मोठा वाटा होता. पुढच्या वर्षांत युरोप-अमेरिकेतल्या ग्लासवूल कारखान्यांतल्या कामगारांचे मोठे अभ्यास झाले. ही माणसं वर्षानुवर्षं त्या धुळीत वावरलेली. त्यांच्यात या तंतूंमुळे फुप्फुसाचा कॅन्सर किंवा मेसोथेलिओमा वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. २००१ साली आयएआरसीने सगळं पुन्हा तपासलं आणि इन्सुलेशनचं ग्लासवूल ‘३’ या गटात नेलं. ॲस्बेस्टॉस तेव्हाही ‘१’ मध्ये होतं, आजही आहे.

तिसरा गट म्हणजे ‘संपूर्ण सुरक्षित’ असं प्रमाणपत्र नाही. माणसात कॅन्सरकारक आहे असं म्हणण्याइतका पुरावा नाही, एवढाच त्याचा अर्थ. भट्ट्यांच्या अस्तरासाठी वापरतात ते सिरॅमिक तंतू आणि खास कामांसाठीचे काही अतिबारीक, टिकाऊ काचतंतू अजूनही ‘२-ब’ मध्येच आहेत. मेसेज लिहिणाऱ्याने या सगळ्यांची गल्लत केली आहे.

‘काचेची पूड रोज अंगावर पडते’

सीलिंगची टाइल म्हणजे मोकळा कापूस नव्हे. तंतू राळेने एकमेकांना चिकटवून, दाबून त्याचा बोर्ड केलेला असतो. खालच्या बाजूला काचतंतूंचंच पातळ, रंगवलेलं आवरण असतं. बसवलेल्या टाइलवरून तळहात फिरवला तर हाताला काही लागत नाही. कापलेल्या कडेवरून फिरवला तर लागतं. टाइल कापताना उन्हाच्या तिरिपेत तंतू तरंगताना दिसतात, आणि बाही जिथे संपते त्या मनगटाच्या कडेला दिवसभर खाज सुटते. ही खाज जाड तंतू कातडीला टोचल्याची असते. गार पाण्याने धुतलं, अंग रगडलं नाही, की जाते.

म्हणून काळजी करायची ती वर शिडीवर उभ्या असलेल्या कारागिराची. आपल्याकडे फॉल्स सीलिंगची पोरं बनियनवर, तोंडाला फार तर रुमाल बांधून काम करतात. त्यांना मास्क, गॉगल, हातमोजे आणि लांब बाह्यांचा शर्ट देणं ही कंत्राटदाराची जबाबदारी आहे, आणि ते करारात लिहून घेणं आपली. टाइल्स वर्ग भरलेला असताना कापू नयेत. काम संपल्यावर कोरडा झाडू न मारता व्हॅक्यूमने किंवा ओल्या फडक्याने साफसफाई करावी. सीलिंगच्या वरची पोकळीच एसीची परतीची वाट असेल, तर कापलेल्या कडा बंद केलेल्याच टाइल्स घ्याव्यात.

या मेसेजमध्ये जो मुद्दा यायला हवा होता तो आलेलाच नाही. ती राळ पूर्वी बहुतेक वेळा फॉर्माल्डिहाइडची असे, आणि फॉर्माल्डिहाइड आयएआरसीच्या पहिल्या गटात आहे. तयार टाइलमधून ते अगदी कमी सुटतं, पण फॉर्माल्डिहाइडविरहित राळेच्या टाइल्सही बाजारात मिळतात. लहान मुलांच्या वर्गासाठी मी त्याच मागतो.

‘आग लागली की सीलिंग पेटतं’

काच जळत नाही. राळ आणि रंग थोडे जळतात, म्हणून टाइलचा आगीच्या चाचणीचा दाखला मागावा. मोठ्या आगीत टाइल्स पेलणारी धातूची चौकट वाकून टाइल्स खाली येतात. तेव्हा हे सीलिंग आग अडवेल असंही कुणी समजू नये.

पण मेसेजने सुचवलेल्या पर्यायाबद्दल फार गांभीर्याने लिहावं लागतंय. २० फेब्रुवारी २००३ च्या रात्री अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये ‘द स्टेशन’ नावाच्या नाइटक्लबात रंगमंचावरच्या आतषबाजीची ठिणगी आवाजासाठी भिंतींवर चिकटवलेल्या पॉलियुरेथेन फोमवर पडली. काही मिनिटांत सगळा क्लब धुराने भरला. १०० माणसं गेली. दहा वर्षांनी, २७ जानेवारी २०१३ ला, ब्राझीलच्या सांता मारिया शहरात ‘किस’ नाइटक्लबात तेच घडलं. तिथेही आवाजासाठी छताला लावलेला फोमच पेटला. २४२ माणसं गेली, बहुतेक तरुण विद्यार्थी. पॉलियुरेथेन म्हणजे गादीचाच फोम. तो जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर सायनाइडचा वायू सुटतो. वर्गाच्या किंवा मंगल कार्यालयाच्या छताला हा फोम लावा असं सांगणारा मेसेज ‘जनहितार्थ’ पुढे जातोय. कृपा करून तो थांबवा.

अंड्यांचे ट्रेही पेटतात. कागदाचा लगदाच तो. त्यात त्यांची जाडी इतकी कमी, की थोडासा चिरका आवाज सोडला तर ते फारसं काही शोषत नाहीत.

‘उपयोग काहीच नाही, वरच्या मजल्याचा आवाज येतोच’

वरच्या मजल्याचा आवाज येतो, हे बरोबर. ‘उपयोग नाही’ हे साफ चूक.

आवाज अडवणं आणि आवाज शोषणं ही दोन वेगळी कामं आहेत. अडवायला वजन लागतं आणि फटी बंद लागतात. वरची खुर्ची सरकली, कुणी खलबत्ता कुटला, तर तो धक्का स्लॅब-बीम-भिंतींतून खाली उतरतो. हलकी सच्छिद्र टाइल त्याला रोखू शकत नाही. गणपतीतला ढोल रस्त्यावरून येतो तो खिडक्यांतून, त्यालाही सीलिंगचा इलाज नाही. ऑफिसात याचा आणखी एक फटका बसतो. केबिनची भिंत फॉल्स सीलिंगपाशीच थांबवलेली असते. मग आतलं बोलणं टाइलमधून वर, पोकळीतून पलीकडे आणि शेजारच्या केबिनमध्ये खाली. तिथे भिंत स्लॅबपर्यंत न्यावी किंवा पाठीला जड थर असलेली टाइल घ्यावी. हे न सांगता ‘साउंडप्रूफ सीलिंग’ म्हणून विकणारे लोक आहेत, आणि या मेसेजला बळ मिळालंय ते त्यांच्यामुळे.

शोषणाचं गणित मात्र पक्कं आहे आणि सव्वाशे वर्षं जुनं आहे. हार्वर्डच्या फॉग म्युझियममधलं व्याख्यानगृह इतकं घुमायचं की वक्त्याचा शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा. १८९५ मध्ये वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकाला ते दुरुस्त करायला सांगितलं. त्याने शेजारच्या सँडर्स थिएटरच्या खुर्च्यांवरच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, एकेक वाढवत आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं, आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवायच्या, असं केलं. त्यातून आवाज विरायला लागणाऱ्या वेळेचं सूत्र निघालं: खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण (प्रत्येक पृष्ठभागाचं क्षेत्रफळ गुणिले तो आवाजाचा जेवढा भाग शोषतो तो, या सगळ्यांची बेरीज; मापं मीटरमध्ये).

आपला नेहमीचा वर्ग घ्या. ८ मीटर लांब, ६ रुंद, ३.२ उंच. घनफळ साधारण १५४ घनमीटर. फरशी, प्लास्टर, स्लॅब हे सगळं टणक, शंभरातला चार भाग आवाज शोषणारं. रिकाम्या वर्गात आवाज विरायला सुमारे ३.३ सेकंद लागतात. म्हणजे बाई चौथा शब्द बोलत असताना पहिला अजून हवेतच असतो. त्याच वर्गात छताला शंभरातला नव्वद भाग शोषणाऱ्या टाइल्स लावल्या की गणिताने तो काळ अर्ध्या सेकंदावर येतो. सगळं शोषण एकाच बाजूला असल्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा जास्त भरतो. पण वर्गासाठीचं अमेरिकी मानक रिकाम्या खोलीत ०.६ सेकंद मागतं आणि आपण तिथवर जातो. शेवटच्या बाकावरच्या मुलाला, कानाला यंत्र लावणाऱ्या मुलीला आणि दुपारपर्यंत घसा बसलेल्या बाईंना हा फरक पहिल्याच दिवशी कळतो.

‘लावल्या होत्या, फरक पडला नाही’

मेसेजखालच्या प्रतिक्रियांत हे वारंवार येतं. अशा ठिकाणी जाऊन पाहिलं तर बहुधा दोनच गोष्टी सापडतात. एक, टाइल स्लॅबला थेट चिकटवलेली असते. प्रयोगशाळेतले आकडे मागे साधारण ४० सेंटिमीटर पोकळी ठेवून काढतात. ती गेली की खर्जातले आवाज तसेच घुमत राहतात. दोन, रंगकाम. एका शाळेच्या हॉलमध्ये टाइल्स मळल्या म्हणून रंगाऱ्याने रोलरने प्लास्टिक पेंटचे दोन हात मारले होते. भिंग धरल्यावर प्रत्येक छिद्र बुजलेलं दिसलं. आवाज जिथून आत शिरायचा ती दारंच बंद, हॉल पुन्हा घुमू लागला. मळलेली टाइल मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने साफ करतात. अगदीच खराब झाली तर तेवढी बदलतात.

‘पावसाळ्यात बुरशी धरते’

काच पाणी पीत नाही, त्यामुळे कोकणातल्या दमट हवेतही ही टाइल पोटात सहसा झोळ धरत नाही. लगद्यापासून बनवलेल्या टाइल्स धरतात. बुरशी येते ती टाइलवर साचलेल्या धुळीवर आणि गळतीमुळे. पिवळा डाग दिसला की टाइल उचलून वरची पाइप किंवा स्लॅबची चीर बघा, ती दुरुस्त करा आणि मगच नवी टाइल बसवा.