पाइप लावून ओढणाऱ्या दादांना

दादा, गंजलेले नट सोडवण्यावरच्या माझ्या लेखाला तुमची प्रतिक्रिया झोंबली, पण मुद्द्याची आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं की, गंजलेल्या नटाला दोन दिवस तेल पाजत बसणं हे हौशी माणसाचे चोचले. गॅरेजात पान्याला दोन फुटी पाइप लावतात, सुटला तर सुटला, तुटला तर दहा रुपयांचा नवा नट. शिवाय 'तापवा' असं लिहून मी कुणाची तरी गाडी पेटवणार!

चारचाकीच्या व्हील नटाला तुमचं म्हणणं मान्य, तिथे मीही पाइपच लावतो. आरपार बोल्ट असेल तरी तुटू दे खुशाल. पण मी लिहिलं होतं बाइकच्या सायलेन्सरबद्दल. तिथे नट दहा रुपयांचा असला तरी स्टड, म्हणजे ज्यावर तो नट चढतो तो बिनडोक्याचा बोल्ट, बसलाय अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात. स्टड सहा एमेमचा, आणि तेवढा साधा बोल्ट आवळायला 10 न्यूटन-मीटरच्या (पिळाच्या जोराचं माप) आसपास पुरतात. तुमच्या पाइपच्या टोकाला 20 किलोंचा जोर लावला की होतात जवळपास 120. स्टड हेडशी सपाट तुटतो. मग ड्रिल, मग इझी आउट (तुटका तुकडा पकडून उलटा फिरवणारं हत्यार), आणि तेही आत मोडलं की हेड उतरवून लेथवाल्याकडे. ही सगळी वारी मी मालवणात सासऱ्यांच्या बाइकवर केली आहे. ते शेजारी खुर्ची टाकून बसले होते, अवाक्षर बोलले नाहीत. शिव्या परवडल्या असत्या.

तेव्हापासून मी हाताकडे लक्ष देतो. नट सुटतो तेव्हा 'कट्' असा आवाज येतो आणि पाना झटक्यात हलतो. तुटणार असतो तेव्हा पाना आवाज न करता, रबर पिळल्यासारखा मऊ फिरत राहतो आणि आपल्याला वाटतं, आला! तिथेच थांबायचं. किंचित उलटा आवळायचा, तेल सोडायचं, पुन्हा थोडा सोडवायचा.

तापवण्याबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर, मी अर्धवटच लिहिलं. टाकी आधी उतरवायची, मारलेलं तेल पुसायचं. नट सोडवायचा तर ज्योत नटावर. तुटलेला स्टड काढायचा तर हेडवर, कारण अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं आणि स्टडवरची पकड सैल होते. पण ते लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, हेडचा मिश्रधातू त्याच्याही आधी. म्हणून ज्योत फिरती ठेवायची. ज्योत बाजूला केल्यावर गरम आट्यांना मेणबत्ती टेकवली की मेण पातळ होऊन आत ओढलं जातं. ही एका वेल्डरकाकांची युक्ती, आणि माझा तेलापेक्षा तिच्यावर जास्त भरवसा.

गिऱ्हाईक थांबत नाही, हेही खरं. पण गाडी संध्याकाळी आली तर रात्रभर तेल मुरायला काय हरकत आहे?

लेखात दुरुस्ती केली आहे. आता सहाच्या स्टडला पाइप लावून तुम्ही किती हेड वाचवलेत, तेवढं खरंखरं कळवा.