आठ महिन्यांच्या बाळाची लस कुठल्या दुकानात मिळते?

परवा रात्री घरच्या ग्रुपवर दादाने तो मेसेज टाकला. तुमच्याकडेही आला असेल. 'टीव्ही, मिक्सर, लस, शाळेतली खिचडी, सगळी रेवडीच. गरज असेल तो विकत घेईल. फुकटाची किंमत राहत नाही. टॅक्स भरतो आम्ही, खातात दुसरेच.' दादाची मुलगी आठ महिन्यांची आहे. मला गप्प बसवेना.

'गरज असेल तो विकत घेईल.' सगळ्यांत घातक वाक्य हेच. गोवराची पहिली लस आपल्याकडे नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. साथ नसेल तर त्याआधी, दादाने कितीही पैसे मोजले तरी, माझ्या भाचीला ती मिळायची नाही. आईकडून आलेली प्रतिकारशक्तीही एव्हाना ओसरू लागलेली असते. तोवर तिची राखण होते ती आजूबाजूच्या मोठ्या मुलांना टोचलेल्या लशीने, अगदी दादाच्या बिल्डिंगमधल्या वॉचमनदादांच्या मुलाला टोचलेल्या लशीनेही. गोवराचा रोगी खोलीतून गेला तरी विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. त्याला रोखायचं तर शंभरातल्या ९५ मुलांचे दोन्ही डोस व्हावे लागतात. ते झाले नाहीत की काय होतं, हे २०२२ च्या शेवटी मुंबईतल्या गोवंडीने पाहिलं. मुलं दगावली तिथे.

कुठलेही आईबाप लस घेताना आपल्या लेकराचा विचार करतात, शेजारच्या तान्ह्या बाळाचा हिशेब त्यात नसतो. म्हणून बाजारावर सोडलेली लस कमीच घेतली जाते आणि सरकारला तिजोरी उघडावी लागते. अर्थशास्त्रात अशा गोष्टींना मेरिट गुड्स म्हणतात. टीव्ही-मिक्सर त्यात बसत नाहीत. त्यांच्या वाटपाबद्दल मेसेजवाल्याचं म्हणणं मला मान्य आहे, तेवढंच.

'फुकटाची किंमत राहत नाही.' अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजस्थानात उदयपूरच्या खेड्यांत हेच तपासलं. निष्कर्ष २०१० मध्ये छापून आले. लस सगळीकडे फुकटच होती. जिथे वेगळं काही केलं नाही, तिथे जेमतेम ६ टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण झालेलं. गावात न चुकता शिबिर भरवलं तिथे १८ टक्के. शिबिरात दर लशीमागे एक किलो डाळ आणि सगळ्या लशी झाल्यावर जेवायची ताटं दिली तिथे ३९ टक्के. म्हणजे फुकट लसही त्या आईला महागच पडत होती: चालत जायचं, रोज बुडवायचा, आणि पोहोचल्यावर नर्स भेटेलच याची खात्री नाही. डाळ देऊन दर मुलामागचा खर्च वाढलाही नाही, जवळपास निम्म्यावर आला. नर्स दिवसभर बसणारच असते, मुलं दहा येवोत की तीस.

'टॅक्स भरतो आम्ही.' मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के जीएसटी वॉचमनदादाही भरतात. खिचडीचं म्हणाल तर शाळेत शिजवलेलं जेवण द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच दिलाय.

एवढं सगळं दादाला लिहून पाठवलं नाही. फोन करून एकच विचारलं, वॉचमनदादांच्या मुलाचा दुसरा डोस झालाय का? त्याला माहीत नव्हतं. आज खाली जाऊन विचारतो म्हणाला.