जुन्या मालिका पुन्हा दाखवता, तर नामावलीसकट दाखवा

आमच्या इमारतीतल्या एक काकू रोज दुपारी आमच्याकडे टीव्ही पाहायला येतात. वय पंच्याऐंशीच्या पुढे आहे, ऐकू थोडे कमी येते, पण साडेतीनची जुनी मालिका लागायच्या पाच मिनिटे आधी त्या चष्मा पुसून खुर्चीवर बसलेल्या असतात. त्यांचे यजमान ऐंशीच्या दशकात नेपथ्य विभागात काम करत असत. भिंती उभ्या करणे, दारे-खिडक्या बसवणे, एकाच पलंगावर चादर बदलून त्याच्या तीन घरांतल्या तीन खोल्या करणे, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. ते जाऊन आता बरीच वर्षे झाली. या मालिकेच्या शेवटी जी नामावली सरकते, तिच्यात ‘नेपथ्य साहाय्य’ या शब्दांखाली त्यांचे नाव येते, आणि काकू ती मालिका त्या दोन सेकंदांसाठी पाहतात. भाग संपत आला की त्या आईला म्हणतात, “आता नाव येईल हं, बोलू नका.”

ते नाव येत नाही. शेवटचा प्रसंग संपायच्या आतच जाहिरात सुरू होते आणि जाहिरात संपली की थेट पुढच्या कार्यक्रमाचे शीर्षकगीत वाजू लागते. पहिल्या आठवड्यात एकदाच, बहुधा चुकून, नामावली दाखवली गेली होती. तेव्हा काकू उठून पडद्याजवळ गेल्या आणि नावावर त्यांनी हलकेच बोट टेकवले. त्यानंतर पुन्हा कधीच नाही. मी वाहिनीला दोन वेळा सविस्तर पत्र लिहिले, दोन्ही वेळा पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. वाहिनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रार एका वाहिनीपुरती नाही. जुने कार्यक्रम पुन्हा दाखवण्याची जी रीत आपल्याकडे पडली आहे, तिच्याविषयी मला लिहायचे आहे.

जुन्या मालिका पुन्हा पाहणे म्हणजे फावल्या वेळचे आठवणीत रमणे, असे पुष्कळांना वाटते. २०२०च्या टाळेबंदीत ‘रामायण’ पुन्हा सुरू झाले तेव्हा ही समजूत थोडी हलली असावी. २८ मार्चपासून रोज सकाळी नऊ आणि रात्री नऊ असे ते दाखवले जाऊ लागले आणि १६ एप्रिलचा भाग ७.७ कोटी लोकांनी पाहिल्याचे दूरदर्शनने जाहीर केले. त्याच महिन्यात, १३ एप्रिलला, ‘डीडी रेट्रो’ ही केवळ जुन्या कार्यक्रमांसाठीची वाहिनी सुरू झाली. आमच्या घरी त्या दिवसांत तीन पिढ्या एका खोलीत बसून टीव्ही पाहत होत्या, आणि तसे त्यापूर्वी निदान दहा वर्षे घडले नव्हते. मी त्या काळाविषयी कृतज्ञ आहे. तरीही तेव्हाच एक गोष्ट मला खटकली होती. मूळ ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ला सुरू झाले आणि ३१ जुलै १९८८ला संपले. दर रविवारी एक भाग, म्हणजे दीड वर्षाची सोबत. २०२०मध्ये ते सगळे तीन आठवड्यांत, १८ एप्रिलला, संपले. सीताहरण झाल्यावर आठवडाभर थांबणे हा त्या कथनाचाच भाग होता. आमच्या चाळीत त्या आठवड्यात नळावर, रेशनच्या रांगेत, शाळेच्या बसथांब्यावर पुढच्या भागाची चर्चा चाले, आणि रविवारी सगळे एकत्र बसत तेव्हा ती चर्चाही आमच्याबरोबर बसलेली असे. लेखकाने आणि दिग्दर्शकाने जो भाग सात दिवस मनात राहावा म्हणून रचला, तो बारा तास राहू दिला तर मालिका तीच राहत नाही. टाळेबंदीत घाई समजण्यासारखी होती. आज तशी कोणतीच निकड नाही, तरीही दिवसाला चार-चार भाग एकापाठोपाठ लावले जातात.

आता चौकटीविषयी. जुने दूरचित्रवाणी संच चाराला तीन या प्रमाणाचे होते आणि मालिकांचे चित्रणही त्याच चौकटीसाठी झाले. आजचे पडदे सोळाला नऊ आहेत. प्रामाणिक उपाय सोपा आहे: दोन्ही बाजूंना काळी पट्टी सोडावी आणि चित्र आहे तसे मधोमध दाखवावे. त्याऐवजी चित्र आडवे ताणून पडदा भरला जातो. एके दिवशी आईने मला विचारले, “अगं, हिचं कुंकू असं लांबट का दिसतंय?” मी नीट पाहिले. नायिकेच्या कपाळावरचे वाटोळे कुंकू आडव्या लंबगोलासारखे झाले होते, तिच्या बांगड्याही गोल राहिल्या नव्हत्या, आणि हातातली वाटी परातीसारखी पसरली होती. त्या घडीपासून मला त्या मालिकेत एकही चेहरा खरा दिसेना. ज्या छायाचित्रकाराने तो चेहरा नेमका कुठे ठेवायचा याचा विचार करून दिवे लावले, त्याच्या कामावर हे कोणाचीही परवानगी न घेता केलेले आक्रमण आहे, असे मी पूर्ण विचाराने लिहीत आहे. कुणी जुने तैलचित्र भिंत भरावी म्हणून रुंद करून टांगले तर आपण गप्प बसू का?

शीर्षकाचेही तसेच. ‘मालगुडी डेज’ सुरू होताना आर. के. लक्ष्मण यांची रेखाटने आणि एल. वैद्यनाथन यांची धून यांतूनच आपण त्या गावात शिरतो. शंकर नाग यांनी आगुंबेच्या पावसाळी रस्त्यांवर उभे केलेले मालगुडी त्या एका मिनिटावाचून अर्धेच उरते. ‘भारत एक खोज’च्या आरंभी ऋग्वेदातले नासदीय सूक्त येते, “सृष्टि से पहले सत् नहीं था”, आणि ते हिंदीत आणणारे वसंत देव मराठी माणूस होते. श्याम बेनेगल यांच्या त्या ५३ भागांच्या मालिकेचा सूर वनराज भाटियांच्या संगीतासह त्या सूक्तातच ठरतो. तो सूर ‘वेळ वाचवण्यासाठी’ कापायचा, आणि वाचलेल्या वेळात दाखवायचे काय, तर गुडघेदुखीचे तेल.

जुन्या मालिकांमधले सगळेच जपण्याजोगे होते, असे माझे म्हणणे नाही. सुनेला मारलेली थप्पड विनोद म्हणून खपवलेली, सावळ्या मुलीवरून केलेली शेरेबाजी, हे आज पाहताना माझ्या भाचीने माझ्याकडे रोखून पाहिले आणि मला तिला उत्तर द्यावे लागले. ते उत्तर देता आले याचे मला समाधान आहे. तो प्रसंग कापला असता, तर आम्ही त्या काळी काय मुकाट्याने पाहत होतो हे तिला कधीच कळले नसते. म्हणून वाईट भागासकटही मालिका अखंडच दाखवावी.

“हे सगळे मोबाइलवर मिळते, मग वाहिनी कशाला?” असा प्रश्न माझा भाऊ मला नेहमी विचारतो. काही मिळते, खरे आहे. पण मोबाइलवर पाहणारा एकटा असतो, आणि कंटाळा आला की बोटाने पुढे सरकतो. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ मी अशी तुकड्या-तुकड्यांत पाहिली होती, आणि नंतर आईबरोबर ठरल्या वेळी, एका बैठकीत एक भाग, अशी पुन्हा पाहिली. दिलीप प्रभावळकरांचे आबा काहीच न बोलता नुसते ऐकत बसलेले असतात, ते क्षण मी मोबाइलवर ओलांडून गेले होते. शेखर, श्यामला, शलाका आणि शिऱ्या एकमेकांचे बोलणे तोडत असताना त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर जे चालते, तीच तर ती मालिका आहे. शिवाय त्यांचे मराठी! मध्यमवर्गीय घरात, जेवणाच्या टेबलाशी, कुणालाही उद्देशून भाषण न करता बोललेले ते मराठी माझ्या भाचीला शाळेत शिकवून येणार नाही. आई मध्येच सांगत होती की असाच फोन आपल्याकडे होता, त्याच्यावर असेच भरतकाम केलेले फडके घालत असू. भाचीने विचारले, फोनवर फडके कशासाठी? त्यावर अर्धा तास गेला. ठरल्या वेळी, एका खोलीत पाहिले म्हणूनच तो अर्धा तास आम्हाला मिळाला.

या सगळ्याहून मोठे दुखणे मराठीचे आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झाले. पहिल्या दशकातले पुष्कळ कार्यक्रम आज पाहायला मिळत नाहीत, कारण चित्रफिती महाग होत्या आणि प्रसारण झाले की त्याच फितीवर नवे मुद्रण केले जाई. चिं. वि. जोशींच्या कथांवरचे ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’, ज्यात प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ होते, त्याचे मोजकेच भाग उरले आहेत. माझ्या आईला त्यातले प्रसंग तोंडपाठ आहेत, पण मला ते दाखवायला तिच्याकडे काही नाही. त्या वेळच्या तंत्रज्ञांना मी दोष देत नाही. हाती चार फिती असताना उद्याच्या बातम्या कशावर मुद्रित करायच्या, हा त्यांच्यापुढचा प्रश्न खरा होता. ब्रिटनमध्ये बीबीसीनेही हेच केले. ‘डॉक्टर हू’ या त्यांच्या लाडक्या मालिकेचे साठच्या दशकातले कितीतरी भाग पुसले गेले. पण तिथल्या प्रेक्षकांनी ते शोधायचे सोडले नाही. परदेशी केंद्रांना विकलेल्या प्रतींचा माग काढत काढत २०१३मध्ये हरवलेले नऊ भाग नायजेरियातून परत मिळाले. सामान्य प्रेक्षकांनी घरी टेपरेकॉर्डरवर मुद्रित केलेला नुसता आवाजही तिथे जपून ठेवला गेला.

आपल्याकडेही ऐंशीच्या उत्तरार्धात अनेक घरांत व्हीसीआर आला होता, आणि लग्नाच्या चित्रणाच्या मागेपुढे लोकांनी टीव्हीवरचे कार्यक्रम मुद्रित केले होते. आमच्या माळ्यावर अशा अकरा कॅसेट सापडल्या. दोनांना बुरशी लागली होती. उरलेल्या नऊ मी एका जाणकाराकडून संगणकावर उतरवून घेतल्या. माझ्या मामाच्या मुंजीनंतर एका मराठी नाटकाचा चाळीस मिनिटांचा तुकडा निघाला, त्यात अधूनमधून दूरदर्शनची ‘व्यत्यय’ची पाटीही आहे. तो कार्यक्रम कोणता, हे मी सध्या शोधते आहे.

तेव्हा दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरची कॅसेट भंगारात देऊ नका. ओल नसलेल्या जागी उभी ठेवा, बुरशी दिसली तर यंत्रात घालू नका, आणि आत काय आहे हे माहीत नसेल तरी उतरवून घ्या. आणि तुमची आवडती जुनी मालिका एखादी वाहिनी कापून, ताणून दाखवत असेल, तर तिला पत्र लिहा. मी तिसरे पत्र काल पाठवले आहे. त्यात काकूंच्या यजमानांचे नाव, त्यांनी काम केलेल्या भागांचे क्रमांक आणि ते नाव नामावलीत कोणत्या ओळीत येते, हे सगळे लिहिले आहे. भागांचे क्रमांक काकूंनीच सांगितले, एकही वही न पाहता.