दारातली थार कोणाची?

‘जिथे आलिशान गाड्या, तिथे चोर येणारच, पैसेवाल्यांनी आपली काळजी घ्यावी’ हे गाड्यांतल्या चोऱ्यांवरच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. मी गोव्यात हणजूणला राहते. आमच्या वाड्यावर (वस्तीत) रात्री ज्या थार जीप उभ्या असतात, त्यांतल्या कितीतरींची नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी, म्हणजे भाड्याच्या. क्लबात जाणारे पर्यटक जागा मिळेल तिथे लावून जातात. त्यांतल्या एकीचा मालक आमचा शेजारी. कर्ज काढून घेतलेली ती एकच गाडी, त्यावरच घर चालतं.

गेल्या डिसेंबरात पहाटे साडेतीनला तिचीच मागची काच फोडली. बॅटरी घेऊन बाहेर आले तर आमच्या तुळशीवृंदावनापर्यंत काचेचा चुरा! गेली काय, तर गाडी भाड्याने घेतलेल्या दोन मुलींची बॅग. आत कपडे, औषधं आणि एकीचं आधार कार्ड. नवीन नोकरीतल्या पगारातून पैसे साठवून आल्या होत्या बिचाऱ्या, सकाळपर्यंत आमच्या बाल्कांवात (ओसरीवर) रडत बसल्या. काचेचा भुर्दंड शेजाऱ्याला, वर ऐन सीझनमध्ये चार दिवस गाडी बंद. यात पैसेवाला कोण?

उलट पांढऱ्या नंबरप्लेटच्या खासगी गाड्या बेकायदा भाड्याने दिल्या जातात, त्यावर लेखात एक ओळही नाही. मध्यरात्री अशी गाडी कोणाला धडकून पळाली, तर नंबरावरून मालक सापडतो, चालवणारा कोण होता ते शोधत बसावं लागतं. आम्हाला भीती वाटते ती त्याची.